राखोळी : नोकरी सोडून प्राणी सांभाळणाऱ्यांविषयी

काम म्हणजे काय आणि माणूस ते कशासाठी करतो, या प्रश्नावर आपण गेले काही आठवडे बोलतो आहोत. आजचं उदाहरण मी कळवलं तेव्हा संयोजकांपैकी एकजण म्हणाले, "सर, कुत्री-मांजरं सांभाळण्यात तत्त्वज्ञान कुठून आलं?" प्रश्न रास्त आहे. त्याचंच उत्तर आज द्यायचं आहे.

आधी व्यवसाय काय आहे ते सांगतो, कारण सभागृहात माझ्या वयाचे बरेच लोक दिसतात. घरात कुत्रा किंवा मांजर आहे आणि घरच्यांना परगावी जायचं आहे. पूर्वी शेजारी होते, आत्या-मावशी होत्या, घरात कोणी ना कोणी असायचंच. आता दोघं नवराबायको कामाला, शेजारचा फ्लॅट बंद, आईवडील दुसऱ्या गावी. मग पैसे देऊन कोणाला तरी बोलावायचं. तो माणूस एकतर तुमच्या घरी दिवसातून दोन-तीन वेळा येतो, किंवा तिथेच मुक्काम करतो, किंवा जनावर स्वतःच्या घरी नेतो. इंग्रजीत याला पेट सिटर म्हणतात. अमेरिकेत हे काम स्वतंत्र व्यवसाय म्हणून गेली चाळीसेक वर्षं उभं आहे. तिथे पॅटी मोरन नावाच्या बाईंनी १९८७ साली या धंद्याचं पुस्तक लिहिलं आणि १९९४ साली अशा लोकांची संघटना काढली. आपल्याकडे पुण्या-मुंबईत आणि बंगळुरात आता चांगल्या पगाराची नोकरी सोडून या कामात शिरलेले लोक भेटतात.

त्यांच्याविषयी दोन प्रकारे बोललं जातं. घरचे म्हणतात, डोकं फिरलंय. मित्र म्हणतात, मनाचं ऐकलं, धाडस केलं. मला दोन्ही अपुरं वाटतं, कारण दोन्हींत लक्ष नोकरी सोडणाऱ्यावर आहे. त्याचं समाधान, त्याचं स्वातंत्र्य, त्याचा बॉस. ज्याला सांभाळायचं आहे, त्या जनावराकडे कुणी बघतच नाही. आणि माझं म्हणणं असं आहे की या कामाचं सगळं नैतिक वजन त्या जनावराच्या जागेवरून मोजावं लागतं.

काम नवं वाटत असलं तरी ते नवं नाही, हे लक्षात घ्या. आमच्या लहानपणी गावाकडे 'गुरं राखोळीला देणं' असा शब्दप्रयोग होता. आपली गुरं दुसऱ्याने राखायची आणि त्याबद्दल त्याला काही द्यायचं. धर्मशास्त्रात तर यासाठी स्वतंत्र प्रकरणच आहे. व्यवहाराची, म्हणजे कोर्टकज्ज्यांची, अठरा पदं सांगितली आहेत, त्यात एकाचं नाव 'स्वामिपालविवाद'. जनावराचा मालक आणि जनावर राखणारा यांच्यातलं भांडण. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ते येतं, याज्ञवल्क्यातही आहे. मनुस्मृतीचं नाव घेतल्यावर काहींच्या कपाळावर आठी येईल. महाडला १९२७ साली तो ग्रंथ जाळला गेला, त्यामागची कारणं मला पूर्ण मान्य आहेत. पण जुन्या समाजाला कोणते तंटे रोज पडत होते, हे समजायला तो उपयोगी आहे.

तिथे काय म्हटलंय? दिवसा जबाबदारी गुराख्याची. रात्री जनावर मालकाच्या गोठ्यात बांधलेलं असेल तर मालकाची, नसेल तर गुराख्याचीच. जनावर हरवलं, किडे पडून मेलं, कुत्र्यांनी मारलं, खड्ड्यात पडून गेलं, आणि गुराख्याने करायला हवी होती ती धडपड केली नसेल, तर भरपाई त्याने द्यायची. चोरांनी पळवलं तर मात्र तो दोषी नाही, पण एका अटीवर. त्याने ओरडा केलेला असला पाहिजे आणि वेळेवर, जागच्या जागी मालकाला कळवलेलं असलं पाहिजे. लांडग्याने अचानक झडप घातली तर दोष नाही. लांडगे घेरत होते आणि हा आलाच नाही, तर दोष त्याचा. जनावर आपल्या मौतीने मेलं तर त्याचे कान, कातडी, शेपटीचे केस मालकाला आणून दाखवायचे.

हे शेवटचं कलम जरा बघा. कान का आणायचे? कारण गुराखी 'मेलं' म्हणून सांगेल आणि बाजारात विकून मोकळा होईल, हा संशय. रानात काय घडलं याला साक्षीदार दोघेच, गुराखी आणि जनावर. त्यातल्या एकाला बोलता येत नाही.

इथे आपण मुद्द्याशी आलो. बहुतेक व्यवसायांत दोन कोपरे असतात. देणारा आणि घेणारा. शिंप्याने सदरा बिघडवला तर घालणाऱ्याला कळतं, तो भांडतो. प्राणी सांभाळण्यात तीन कोपरे आहेत. पैसे देतो एक, सेवा मिळते दुसऱ्याला, आणि ज्याला मिळते त्याला तक्रार करता येत नाही. मालक परत येतो तेव्हा कुत्रं शेपटी हलवत अंगावर उड्या मारतं. चार दिवस त्याला नीट फिरवलं असेल तरी उड्या मारतं, नसेल तरी मारतं. तान्ह्या मुलांच्या आणि स्मृती गेलेल्या वृद्धांच्या सेवेचंही असंच आहे, पण तिथे निदान आसपास नातेवाईक असतात. इथे बंद फ्लॅट, किल्ली तुमच्याकडे, आणि आत एक मांजर.

आता जो माणूस कंपनीतून येतो, तो कोणत्या जगातून येतो ते पाहा. तिथे सगळं मोजलं जातं. टार्गेट, केआरए, अप्रेझल. या मोजमापाला कंटाळूनच बहुतेकजण बाहेर पडतात, आणि तो कंटाळा खोटा नाही. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून दाखवलं की आधुनिक नोकरीत माणसाचं हसूसुद्धा पगारात धरलेलं असतं. भावना दाखवणं हेच श्रम होतात. कुत्र्यासमोर हसावं लागत नाही, ही मोठीच सुटका आहे. पण मोजमाप गेलं की दुसरा प्रश्न उभा राहतो. कुणीच मोजत नसताना मी काम किती नीट करतो? बॉसच्या नावाने बोटं मोडणाऱ्याला हा प्रश्न पूर्वी कधी पडलेलाच नसतो, कारण बॉस होता.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. आमच्याकडे एम.ए. केलं, मग एमबीए, मग अकरा वर्षं एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात. आता मांजरं सांभाळते. मांजरं मुद्दाम, कारण मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं, त्याला दुसरीकडे नेलं की बिथरतं. म्हणून त्याच्या घरीच जावं लागतं. तिने मला एक प्रसंग सांगितला. मालक परदेशात. बोका तीन वर्षांचा, खातोपितो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गेली तर वाडग्यातलं खाणं निम्मं संपलेलं, पाणी प्यालेलं, सगळं ठीक. फक्त त्याच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू कोरडी. बोका तिच्यासमोर दोनदा ट्रेमध्ये जाऊन बसला आणि तसाच उठला. ती त्याला पिशवीत घालून थेट डॉक्टरकडे घेऊन गेली. लघवीची वाट बंद झालेली होती. बोक्यांमध्ये हे होतं, आणि दोन दिवस दुर्लक्ष झालं तर जीव जातो.

मला यात विशेष वाटतं ते असं. तिने पाहिली ती घडलेली गोष्ट नव्हती, न घडलेली होती. कोरडी वाळू. मालकाला पाठवायच्या निरोपात खाणं, पाणी, खेळणं एवढंच लिहायचं ठरलं होतं. वाळूचा रकानाच नव्हता. ती पंधरा मिनिटांत फोटो काढून निघाली असती तरी ठरलेलं काम पूर्ण झालं असतं.

सिमोन वेल ही फ्रेंच तत्त्वज्ञ आपल्याला इथे उपयोगी पडते. १९३४ साली तिने शिक्षिकेच्या नोकरीतून रजा घेतली आणि पॅरिसमधल्या कारखान्यांत मजूर म्हणून काम केलं. टेबलावरचं काम सोडून अंगमेहनतीकडे जाणाऱ्यांनी तिचं पुढचं सांगणं ऐकावं. कारखान्याने तिला मुक्त वगैरे केलं नाही. तब्येत ढासळली आणि आपण गुलाम आहोत ही भावना तिच्या मनात कायमची राहिली. हातांनी काम केलं म्हणजे अर्थ आपोआप सापडतो, हा शहरी माणसाचा भाबडेपणा आहे. पण त्याच वेलने पुढे 'अवधान' या कल्पनेवर फार मोलाचं लिहिलं. आपल्या मनातली गडबड बाजूला सारून समोरच्याला काय होतंय ते नुसतं पाहणं, तेही आपल्या सोयीचं उत्तर न शोधता. तिच्या मते सगळ्या नीतीचं मूळ तिथे आहे. कोरड्या वाळूकडे पाहणं हे अवधान आहे. पेट सिटिंगचं कौशल्य विचाराल तर नव्वद टक्के हेच. बाकी दोरी धरणं कुणालाही येतं.

आता गंमत अशी की मोजमाप या धंद्यातही मागच्या दाराने येतंच. मालक म्हणतात, दर दोन तासांनी फोटो पाठवा. त्यांची काळजी खरी असते. पण फोटो पाहणार मालक, आणि पुढचं काम देणारही मालक. मग हळूहळू काम फोटोसाठी होऊ लागतं. झोपलेल्या कुत्र्याला उठवून, गळ्यात रुमाल बांधून फोटो. त्याला झोप हवी होती. तीन कोपऱ्यांतला ज्याचा हक्क पहिला, तो असा तिसऱ्या नंबरावर जातो. एखादा फोटो पाठवायला काहीच हरकत नाही, पण कुत्रं सोफ्याखाली दडून बसलंय आणि सकाळपासून जेवलेलं नाही, हे कळवायची हिंमत ज्याच्यात आहे त्याच्या हाती मी किल्ली देईन. ओरडा करून वेळेवर कळवणारा गुराखी निर्दोष, हे जे जुनं कलम आहे ना, ते इथे जसंच्या तसं लागू पडतं.

कायदा या जनावराकडे कसा पाहतो? १८७२ चा आपला करार कायदा अजून चालू आहे. त्यात दुसऱ्याची वस्तू तात्पुरती सांभाळायला घेणं याचे नियम आहेत. साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी घ्यावी. त्यातच एक गोड उदाहरण आहे. एकाने दुसऱ्याकडे गाय ठेवली, ती व्यायली, तर परत देताना गाईबरोबर वासरूही द्यावं लागेल. म्हणजे या कायद्याच्या लेखी गाय ही मालमत्ता, आणि कुत्राही मालमत्ता. कांटला हे पटलं असतं. १७८५ च्या ग्रंथात त्याने किंमत आणि प्रतिष्ठा असे दोन ढीग केले. वस्तूला किंमत असते, विवेक असलेल्या माणसाला प्रतिष्ठा. प्राणी किमतीच्या ढिगात पडतात. मात्र हाच कांट वर्गात विद्यार्थ्यांना सांगत असे की आयुष्यभर इमानाने राहिलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला मरेपर्यंत सांभाळावं. का? तर जो प्राण्यांशी निर्दय वागतो तो माणसांशीही तसाच वागायला शिकतो. कुत्र्याचा स्वतःचा असा हक्क त्याला दिसला नाही. मला कांटबद्दल आदर आहे, पण इथे तो अडखळतो. त्याच्यानंतर चारच वर्षांनी बेंथमने प्रश्न नीट मांडला. त्याला बुद्धी आहे का, बोलता येतं का, हे विचारू नका, त्याला दुःख होतं का ते विचारा.

आपला १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा याच बाजूचा आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात कर्तव्य मालकापुरतं ठेवलेलं नाही. प्राणी ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे, त्या प्रत्येकावर ते आहे. किल्ली हातात आली की ते तुमच्यावर आलं. आता या कायद्यात क्रौर्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किती ठरवला होता? दहा ते पन्नास रुपये. हसू नका, चहा-खारीचे पैसे आहेत. तात्पर्य, धाकाने हे काम होणार नाही. आणखी एक, कुणी पिंजऱ्यातला पोपट सांभाळायला दिला तर नम्रपणे नाही म्हणा. आपला देशी पोपट घरात बाळगणंच वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

आता जरा अप्रिय विषय. "इंजिनिअर होऊन लोकांची कुत्री फिरवणार?" हे वाक्य अशा प्रत्येक घरात उच्चारलं जातं. त्यातला डंख कुठला आहे? पैशाचा थोडाच. दोरी, विष्ठा, केस, ओकारी, हे डंखाचं कारण. आपल्या समाजाने घाणीशी येणारा संबंध माणसांच्या पायरीशी जोडला. जात म्हणजे नुसती कामांची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच ती उतरंड आहे, हे आंबेडकरांनी १९३६ साली स्वच्छ दाखवून दिलं. म्हणून वरच्या पगारातला माणूस खाली वाकून विष्ठा उचलतो, तेव्हा कुठेतरी एक चांगली गोष्ट घडते, असं मला वाटतं. पण लगेच दुसरी बाजू बघा. त्याच सोसायटीत वॉचमन किंवा कामवाल्या बाईंचा मुलगा तेच कुत्रं कित्येक वर्षं सकाळी फिरवत आला आहे, चिल्लर पैशांत. तो करतो तेव्हा ते 'वरकाम', एमबीए करतो तेव्हा 'प्रोफेशनल सर्व्हिस'. कधीकधी त्या मुलाला कुत्र्याच्या सवयी जास्त माहीत असतात. नव्या माणसाने या मुलाचं काम हिसकावून न घेता त्याला बरोबर घेता येतं का, योग्य दराने, हे पाहावं. माझ्या विद्यार्थिनीने तसं केलं आहे. सकाळच्या फेऱ्या एक मुलगा करतो, आणि दोघांचा दर एकच.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण त्याचे जाणकार मी नव्हे, तुम्ही आहात. उदाहरणापुरते आकडे घेऊ. एका फेरीचे ४०० रुपये, दिवसाला आठ फेऱ्या, म्हणजे ३,२०० रुपये. ऐकायला छान. पण मागणी येते दिवाळीत, मे महिन्यात आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत. महिन्यातले बाराच दिवस काम मिळालं तर झाले ३८,४००, त्यातून पेट्रोल वजा. कंपनीचा आरोग्यविमा गेला, भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा वाटा गेला. ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरायला तीन महिने उरले असतील तर ते तीन महिने काढा, त्यात कोणतंही तत्त्व बुडत नाही. आणि स्वतःची दिवाळी गेली, हे पक्कं समजा. फटाक्यांना घाबरून पलंगाखाली थरथरणाऱ्या दुसऱ्याच्या कुत्र्यापाशी तुम्ही लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बसलेले असाल. रेबीजची लस चावण्याआधीही घेता येते. या कामात येणाऱ्याने ती घ्यावी, कारण तो रोग एकदा दिसू लागला की जवळजवळ कुणीच वाचत नाही.

या विषयावर बोलायचं म्हटलं की कुणीतरी युधिष्ठिराचं नाव काढतंच. महाप्रस्थानाच्या वाटेवर सगळे पडले, उरलं एक कुत्रं. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही, सोड त्याला. युधिष्ठिर म्हणाला, जो माझ्या आश्रयाने आला त्याला टाकून मला स्वर्ग नको. कथा सुंदर आहे, पण नोकरी सोडणाऱ्यांनी स्वतःला युधिष्ठिर समजू नये. त्याच्याकडे त्या कुत्र्याचे पैसे कुणी देत नव्हतं. पैसे घेतल्याने सेवा हलकी होते असं मी मानत नाही. डॉक्टरही घेतात, मीही चौतीस वर्षं शिकवण्याचा पगार घेतला. पैशामुळे फक्त एक गोष्ट बदलते. जनावर तुमच्या आश्रयाला आपणहून आलेलं नसतं, कुणीतरी ते तुमच्याकडे ठेवलेलं असतं. म्हणून 'माझं बाळ, माझं पिल्लू' हे प्रेम इथे बेतानेच हवं. मालकाने ठरवलेलं खाणं तुम्हाला पटत नसेल तर बोला, पण त्याच्या मागे बदलू नका. जीवाला अपाय होत असेल तरच प्रश्न वेगळा.

आणि तो वेगळा प्रश्न या धंद्यात कधी ना कधी येतोच. समजा, मालक विमानात आहे, चौदा तास फोन लागणार नाही. तेरा वर्षांच्या कुत्र्याला झटके सुरू झाले. डॉक्टर विचारतात, ऑपरेशन करू का? खर्च एवढा आहे. की झोपवू? तुम्ही मालक नाही, त्यामुळे निर्णय तुमचा नाही. पण वेदना तुमच्यासमोर चालू आहेत, आणि देखरेख तुमची आहे. गुराख्याने मेलेल्या जनावराचे कान आणून दाखवायचे, तिथवर धर्मशास्त्र पोचलं. मरू घातलेल्या जनावराचं काय करायचं, याचं उत्तर त्यात नाही, आणि करार कायद्यातही नाही.

माझी विद्यार्थिनी यावर एकच उपाय करते. पहिल्या भेटीत, चहा घेताना, ती मालकाला चार गोष्टी लिहून द्यायला सांगते. फोन लागला नाही तर कुणी ठरवायचं, किती रकमेपर्यंत खर्च करायचा, वेदना थांबणारच नसतील तर झोपवायला संमती आहे का, आणि देह तुम्ही येईपर्यंत ठेवायचा का. बरेच लोक हे ऐकून अवघडतात. "अहो, असं अभद्र काय बोलता, आम्ही आठवड्याने येतोच आहोत," म्हणतात आणि विषय बदलतात. ती पुन्हा विचारते. तरीही लिहून दिलं नाही तर ते काम ती घेत नाही, मग दिवाळीचे दहा दिवस रिकामे गेले तरी चालतील.

इथे थांबतो. मागच्या रांगेतून मघाशी एक हात वर आला होता, त्यांच्यापासून प्रश्न घेऊ.